बेल एकदाच वाजवावी

रिसबुडांच्या दारावर पाटी आहे:
"बेल एकदाच वाजवावी. आत माणूस आहे."
सहकारनगरात अशा पाटीचं कुणाला काही वाटत नाही.
फार तर ऱ्हस्व-दीर्घ तपासून लोक पुढे जातात.

त्या आठवड्यात मी सोसायटीच्या हॉलमध्ये
पूरग्रस्तांसाठी चादरी मोजत होते.
एकशे बारा चादरी, चाळीस सतरंज्या,
आणि कुणीतरी दिलेला एक नवाकोरा टाय.
तो कुठल्या खोक्यात घालावा, यावर पंधरा मिनिटं गेली.

येता-जाता त्यांच्या कडीला दुधाची पिशवी दिसली.
काल एक. आज दोन.
गेले असतील चिंचवडला पुतण्याकडे,
असं मी चप्पल काढता काढता ठरवून टाकलं.
बेल वाजवली होती, नाही असं नाही.
एकदा.
पाटीचा मान राखला.

आमच्या मधली भिंत साडेचार इंचांची.
त्यांचा कुकर मला माझ्या घरात ऐकू येतो.
तीन दिवस तो वाजला नाही,
हेही ऐकू आलंच असणार.

तिसऱ्या सकाळी चंद्रभागा अडागळे
ओला-सुका वेगळा करता करता थांबली.
"काकांचा डबा तीन दिवस बाहेर नाही."
गावाला गेले असतील, म्हटलं.
"गावाला जाताना उपडा घालून जातात डबा.
माणूस आत असला की कचरा होतोच, ताई."
तिने हातमोजा काढला,
पाटी मोठ्यानं वाचली, एकही अक्षर न अडखळता,
आणि बेलवर अंगठा ठेवला
तो उचललाच नाही.

दार फोडलं तेव्हा
रिसबूड न्हाणीच्या उंबऱ्यावर आडवे.
खुब्याचं हाड मोडलेलं,
तोंडापाशी गळका नळ,
ज्याच्यावरून ते वर्षभर प्लंबरशी भांडत होते.
त्या थेंबांवर तीन दिवस.
डोळे उघडे. ओठांना भेगा.
आम्हाला बघून म्हणाले,
"किती वेळा वाजवायची?"

मी तिथेच फरशीवर बसले.
हसले की रडले, सांगता येत नाही.
चादरींचा हिशेब मात्र बरोबर जुळला होता,
एकसुद्धा कमी नाही.

पुढे दिवाळी झाली.
एका सोमवारी चंद्रभागा आली नाही.
बदली पोरगा आला, डबे रिकामे झाले,
म्हणून जिन्यात कुणी काही विचारलं नाही.
बुधवारी वॉकर खडखडवत रिसबूड माझ्या दारात.
बेल वाजवली. तीनदा.
"बाई आली नाही. पत्ता आहे?"

नव्हता.
अकरा वर्षं ती माझा कचरा नेते.
माझ्या गोळ्या बदलल्या तेही तिला कळतं.
मला तिची गल्ली ठाऊक नाही.
जनता वसाहत, पर्वतीच्या अंगाला, एवढंच.
माझ्या गच्चीतून दिसतात तिथले पत्रे,
कपडे वाळत घालताना.

गेले. विचारत विचारत. दोनदा चुकले.
एका नळकोंडाळ्यापाशी बायका म्हणाल्या,
अजून वर.
ती दारात पाय लांब करून बसली होती,
घोट्यापर्यंत सुजलेला, हळद लावलेला.
"काच होती. कुणाच्या तरी सुक्यात."

गेल्या रविवारी माझ्याकडे लोणच्याची बरणी फुटली होती.
कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून ठेवली होती का मी?
आठवेना.
अजून आठवत नाही.

रिक्षा वरपर्यंत येत नाही.
खांद्यावर तिचा हात घेऊन उतरले,
तिनेच मला दोनदा सावरलं.
दवाखान्यातल्या मुलीनं नाव लिहिलं, वय लिहिलं,
मग मान न उचलता विचारलं,
"पेशंटशी नातं?"

"शेजारी," म्हटलं मी,
आणि घाबरून चंद्रभागेकडे बघितलं.

"लिही गं," ती त्या मुलीला म्हणाली,
"चढ आहे मधे थोडा.
पण लिही."